खिडकीतील उजेडाचा हक्क

लंडनमधील जुन्या घरांच्या खिडक्यांखाली 'एन्शंट लाइट्स' अशा पाट्या लावलेल्या आढळतात. ती शोभा नव्हे. शेजाऱ्यास दिलेली ती ताकीद आहे. हा उजेड आमच्या वहिवाटीचा आहे, तो अडेल असे बांधकाम करू नये, असा तिचा अर्थ. या वहिवाटीला १८३२ च्या कायद्याने २० वर्षांची निश्चित मुदत घालून दिली.

तिची खरी परीक्षा दुसऱ्या महायुद्धानंतर झाली. १९४०-४१ च्या बॉम्बवर्षावात असंख्य इमारती जमीनदोस्त झाल्या आणि त्या मोकळ्या जागांवरून शेजारच्या खिडक्यांत पूर्वी कधी न आलेला उजेड येऊ लागला. वीस वर्षे उलटली असती, तर ज्याचे घर पडले त्यालाच ते पूर्वीइतके उंच बांधण्याची चोरी झाली असती! हद्दीवर फळ्यांचा आडोसा उभारून वहिवाट तोडावी, हा जुना उपाय. पण नव्या नगररचना कायद्यामुळे त्यालाही परवानगी हवी. अखेर १९५९ साली पार्लमेंटने ही मुदत तात्पुरती २७ वर्षांची केली आणि आडोशाची रीतसर नोंद झाली की तो प्रत्यक्ष उभारल्यासारखाच मानावा, असे ठरविले. कागदाच्या भिंतीने उजेड अडविण्याची ही युक्ती आम्हां दप्तरी माणसांना विशेष पटावी.

मात्र हक्क सगळ्या उजेडाचा नव्हे. सामान्य माणसाच्या राहण्यास वा व्यवसायास पुरेसा उजेड उरला की तक्रारीस जागा नाही, असा निवाडा हाउस ऑफ लॉर्ड्सने १९०४ साली दिला.

हेच तत्त्व १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने आपल्याकडे आले. मुंबई इलाख्यास तो १८९१ साली लागू झाला. मुदत तीच, २० वर्षे. समोरची जागा सरकारी असेल तर पूर्वी ६० वर्षे लागत, आता ३०. पण उघड्या जागेवर येणाऱ्या उजेडाचा हक्क वहिवाटीने मिळत नाही. म्हणजे माजघराच्या खिडकीला कायद्याचे कवच आहे, अंगणातील तुळशीवृंदावनाला नाही. ही तरतूद मला आजही खटकते.

गावाकडे घर असून परमुलखात राहणाऱ्यांनी याच कायद्यातील आणखी एक तरतूद ध्यानात ठेवण्याजोगी आहे. शेजाऱ्याने उजेड अडविला तरी तेवढ्याने वहिवाट तुटत नाही. परंतु तो अडथळा आणि तो करणारा कोण हे कळल्यावरही मालक वर्षभर निमूट राहिला, तर ती तुटते.