ऐकणे आणि शिकणे : १९५६ चा एक मराठी प्रयोग

लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळसारख्या गावातील शिक्षकही आज आपल्या मोबाइलवर दहा मिनिटांचा पाठ बोलून ध्वनिमुद्रित करू शकतो. तो इंटरनेटवर ठेवला, की कोणीही सवडीने ऐकू शकतो. अशा ध्वनिमालिकांना आपण 'पॉडकास्ट' म्हणतो. हा शब्द बेन हॅमर्सली या ब्रिटिश पत्रकाराने फेब्रुवारी २००४ मध्ये प्रथम वापरला. साधन नवे आहे, पण त्यामागचा प्रश्न जुना आहे. नुसते ऐकून माणूस शिकतो का?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक महत्त्वाचा प्रयोग मराठी खेड्यांतच झाला होता. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांचे गट ठरलेल्या वेळी एकत्र बसून रेडिओ ऐकत आणि मग चर्चा करीत. 'वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा' हे त्यांचे सूत्र होते. भारतातील बहुसंख्य शेतकऱ्यांना तेव्हा वाचता येत नव्हते. मग सूत्रातील पहिला शब्द वगळून बाकीचे तीन चालतील का, हे पाहायचे होते. युनेस्कोच्या साहाय्याने १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी भाषिक जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत हा प्रयोग झाला. कार्यक्रम आकाशवाणीच्या पुणे केंद्राने केले.

शिरूर अनंतपाळ तेव्हा या प्रयोगाच्या कक्षेत नव्हते. मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मुंबई राज्यात आला, तोवर प्रयोग संपून गेला होता.

प्रयोगाची रीत साधी होती. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचे एक श्रोतामंडळ नेमलेले असे. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा एक, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. विषय शेती, आरोग्य, साक्षरता, ग्रामपंचायत असे रोजच्या जगण्यातले होते. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करून मंडळी बोलू लागत. चर्चेतील मुद्दे आणि शंका टिपून पुणे केंद्राकडे पाठविल्या जात आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरे मिळत. म्हणजे रेडिओचा एकतर्फी आवाज पत्रांमुळे दुतर्फी झाला.

आता यातील शास्त्रीय भाग पाहू. परीक्षणाचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. गावांचे तीन प्रकार घेण्यात आले : श्रोतामंडळ असलेली गावे, रेडिओ असूनही मंडळ नसलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे. प्रयोगाच्या आधी आणि नंतर गावकऱ्यांना त्या विषयांवरील प्रश्न विचारले गेले. तीन प्रकार कशासाठी? रेडिओ नसलेल्या गावातही दहा आठवड्यांत शेजाऱ्यांकडून किंवा ग्रामसेवकाकडून काही माहिती पोचतेच. तेवढी वाढ वजा केल्याशिवाय रेडिओचा परिणाम कळत नाही. आणि नुसत्या रेडिओचा परिणाम वेगळा काढल्याशिवाय चर्चेचे मोल कळत नाही.

निष्कर्ष स्पष्ट होता. श्रोतामंडळांच्या गावांत ज्ञानाची वाढ बरीच अधिक आढळली. नुसता रेडिओ असलेली गावे तिच्या जवळपास पोचली नाहीत. आकाशवाणीचे तत्कालीन महासंचालक जगदीशचंद्र माथुर आणि समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांचा यावरील अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षापासून ही योजना देशभर पसरू लागली.

एक सावधगिरी मात्र हवी. मंडळात आवर्जून येणारा माणूस मुळातच अधिक जिज्ञासू असू शकतो. म्हणून सगळे श्रेय चर्चेलाच देता येणार नाही. तरीही दिशा चुकीची म्हणता येत नाही. कीर्तनातून श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तरे काढून घेणाऱ्या गाडगेबाबांना ही गोष्ट कोणत्याही अहवालाशिवाय उमगली होती.

आज कानांवर पडणाऱ्या मराठी ध्वनिमालिका पुष्कळ आहेत. त्या बहुधा एकट्याने, इयरफोन लावून ऐकल्या जातात. हे १९५६ मधल्या मंडळ नसलेल्या गावासारखेच झाले : संच आहे, बैठक नाही.

ही बैठक शाळेत सहज भरविता येते. दहा मिनिटांचा भाग वर्गात ऐकवावा, मग वीस मिनिटे मुलांना बोलू द्यावे. एका विद्यार्थ्याने शंका टिपाव्यात, आणि उरलेल्या शंका तो भाग करणाऱ्याकडे कळवाव्यात. शक्य असल्यास दोन तुकड्यांवर प्रयोग करून पाहावा : एकीने नुसते ऐकावे, दुसरीने ऐकून चर्चा करावी. दोन्ही तुकड्यांना आधी व नंतर तेच प्रश्न विचारावेत. दोहोंच्या गुणवाढीतील फरक मुलांनीच काढावा. विद्यार्थ्यांना एका जुन्या प्रयोगाची माहिती मिळेल आणि प्रयोग कसा करतात हेही हाताने करून कळेल.