हिंगण्याची वाट

मुळशी तालुक्यातल्या कासारसाईला आज कोणी गेला, तर त्याला धरणाचे पाणी दिसेल, हंगामात साखर कारखान्याकडे चाललेल्या उसाच्या गाड्या दिसतील आणि हिंजवडीच्या कचेऱ्यांकडे पळणाऱ्या मोटारसायकली तर सकाळ-संध्याकाळ दिसतील. पण अशा गावात घटकाभर पारावर टेकले, की म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून एक वाक्य हमखास कानी पडते : ‘‘पोरं म्हणतात, लई केलंत, आता बसून खा.’’ पोरांचे हे बोलणे मायेचे असते, त्यात खोट नाही. पण या बसण्याने म्हातारपणाचे काय होते, हा प्रश्न आहे, आणि त्यासाठी मी तुम्हांला जरा मागच्या काळात नेणार आहे.

पुण्याजवळच्या हिंगण्याला धोंडो केशव कर्वे राहत. लोक त्यांना अण्णा म्हणत. जन्म १८ एप्रिल १८५८ चा, कोकणातला. सतरा-अठरा वर्षांचे असताना परीक्षेला बसायचे म्हणून ते मुरूडहून साताऱ्याला पायी निघाले. पावसापाण्याचे दिवस, मध्ये सह्याद्रीचा घाट, अंतर शंभर मैलांहून जास्त. ते चार दिवसांत काटले. पोचल्यावर साहेबांनी पाहिले आणि पोरगा वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षेला बसूच दिले नाही! एवढी पायपीट फुकट गेली म्हणायची. पण चालण्याची सवय काही फुकट गेली नाही.

१८९६ साली त्यांनी विधवा मुलींसाठी आश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला. शहरापासून सुमारे चार मैल. रस्ता कसला, पावसाळ्यात नुसता चिखल. अण्णांनी बेचाळिशी गाठलेली. दिवसा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे, संध्याकाळी आश्रमाला लागेल ते सामान घेऊन हिंगण्याला जायचे, सकाळी परत शहरात. याला त्या काळी कोणी व्यायाम म्हटले नसते. ते काम होते.

१९१४ साली ते कॉलेजातून निवृत्त झाले. पुष्कळांचे इथे थांबते. यांनी १९१६ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. एकाहत्तराव्या वर्षी, १९२९ साली, परदेशच्या प्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका, जपान करून आले. आणि शिक्षक बंधुभगिनींनो, पुढची गोष्ट खास तुमची आहे. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नव्हती, तिथे शाळा काढण्यासाठी १९३६ साली त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. वय अठ्ठ्याहत्तर. त्या वयात दारोदार फिरून त्यांनी त्यासाठी थोडीथोडी वर्गणी गोळा केली.

आता कोणी म्हणेल, एक माणूस चालला आणि १०४ वर्षे जगला, म्हणून चालणारा प्रत्येक जण तेवढा जगेल काय? मुळीच नाही. अंगाची जात वेगळी असते, नशीबही असते. शिवाय कष्ट म्हणजे प्रकृती असेही समजू नये. आपल्या मावळ-मुळशीत भाताची लावणी करताना चिखलात दिवसदिवस वाकून बायांच्या कमरा गेलेल्या आहेत. डोक्यावरच्या मोळीने आणि हंड्याने गुडघे झिजलेले आहेत. पोटभर अन्न नाही आणि अंगाबाहेरचे काम आहे, अशा श्रमाने माणूस खंगतो. त्या आजीला ‘‘जरा व्यायाम करा’’ असे सांगणाऱ्याने आधी तिचा दिवस पाहावा. अण्णांचे चालणे स्वतःच्या मर्जीचे होते, आणि वाटेच्या टोकाला त्यांची वाट पाहणारे कोणीतरी होते. मला ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोठी वाटते.

देहूची पालखी पाहा. पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट. त्या वाटेवर साठी-सत्तरी उलटलेली किती माणसे असतात! घरी जिना चढताना धापा टाकणारी म्हातारी दिंडीत झपझप चालताना दिसते. सोबत असते, ठरलेली वेळ असते, मुक्काम ठरलेला असतो. मात्र आषाढापुरते चालून उरलेले अकरा महिने ओट्यावर बसणे काही कामाचे नाही.

कारण हातापायांचे मांस वयाबरोबर झडते आणि न वापरल्याने अधिक वेगाने झडते. मांडी घालून बसलेल्या माणसाला हाताचा टेका न देता उठता येते का, हे घरच्या घरी पाहण्यासारखे आहे. मात्र ज्याचे गुडघे दुखतात किंवा तोल जातो, त्याने शेजारी कोणाला तरी उभे करावे. ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी ५१ ते ८० वर्षांच्या सुमारे दोन हजार माणसांची अशीच परीक्षा घेतली आणि २०१२ साली निष्कर्ष छापले. ज्यांना उठबस करताना फार आधार लागला, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण जास्त निघाले. परीक्षेने कोणी मरत नाही. अंगातली ताकद किती उरली, एवढे ती दाखवते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले, की पासष्टीपुढच्या माणसाने आठवड्यात निदान १५० मिनिटे झपाझप चालण्यासारखी हालचाल करावी, आणि तीन दिवस तरी तोल सांभाळण्याचा व ताकदीचा व्यायाम करावा. पडून मांडीचे हाड मोडले, की म्हातारे माणूस पुष्कळदा अंथरुणालाच खिळते. म्हणून तोलाला एवढे महत्त्व. खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात लावून एका पायावर उभे राहणे, एवढ्याने सुरुवात होते. खेड्यातल्या शाळेचे पटांगण सकाळी रिकामेच असते. गुरुजींनी मनावर घेतले, तर गावच्या आजी-आजोबांना तिथे चार फेऱ्या मारायला जागा आणि बोलायला सोबत, दोन्ही मिळतील.

१८ एप्रिल १९५८ रोजी अण्णांना शंभर वर्षे पूर्ण झाली. त्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर मोठा सत्कार झाला, पंडित नेहरू त्याला हजर होते. पुढे ९ नोव्हेंबर १९६२ ला ते गेले. हिंगण्याच्या त्या माळाला आता कर्वेनगर म्हणतात, आणि ज्या बाजूने ते चिखल तुडवीत येत-जात, तिकडे मोटारींची अशी रीघ असते, की पायी चालणाऱ्या म्हाताऱ्याला रस्ता ओलांडायला कोणाचा तरी हात धरावा लागतो.