येरवड्याच्या आवारातील मुक्तांगण

येरवडा म्हणताच पुणेकरांस कारागृह आणि मनोरुग्णालय या दोन सरकारी वास्तू एकदमच आठवत, आणि हे साहचर्य केवळ भूगोलाचे नव्हते. कारण मनोरुग्णांविषयीच्या १९१२ च्या कायद्याच्या अमलात मनोरुग्णाची इस्पितळातील भरती बहुधा मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाने होई, व उपचारापेक्षा बंदोबस्ताचीच भाषा दफ्तरात अधिक आढळे. याच मनोरुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उघडले. गर्द या अमली पदार्थाच्या व्यसनाविषयी अनिल अवचटांनी केलेले लेखन वाचून व्यथित झालेल्या पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य देऊ केले, आणि त्याच रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचटांनी संस्थेची धुरा स्वीकारली.

त्यांच्या पद्धतीचे मर्म असे की, व्यसनी मनुष्य गुन्हेगार नसून रुग्ण आहे हे एकदा मान्य केल्यावर त्याच्या घराचा, त्याच्या रोजगाराचा आणि त्याच्या पत्नीने वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसलेल्या अप्रतिष्ठेचा विचार उपचाराबाहेर ठेवता येत नाही. म्हणून औषधांच्या जोडीला समूहोपचार आले, रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आला, आणि व्यसनातून मुक्त झालेलेच पुढे समुपदेशक होऊ लागले. परिणामी उपदेशकाची उंच बैठक जाऊन समदुःखी माणसाचे, रुग्णाच्याच बोलीतले शब्द तेथे प्रमाण ठरले. १९९७ साली अनिताताई निवर्तल्या, तरी संस्थेचे कार्य खंडित झाले नाही. व्यक्तीच्या करुणेचे संस्थेच्या शिस्तीत रूपांतर करणे हेच त्यांचे चिरस्थायी कर्तृत्व होय.