इंगल्सांच्या घरात शेवटी कोण उरलं?

आजचा भाग एका शपथेपासून सुरू करू.

साल १८७५, नोव्हेंबर संपत आलेला. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एकोणचाळीस वर्षांचा एक शेतकरी अधिकाऱ्यासमोर उभा राहून लिहून देतो की माझ्याकडे उदरनिर्वाहाचं कुठलंही साधन उरलेलं नाही. बदल्यात त्याला पिठाची दोन अर्धी पिंपं मिळतात. किंमत सव्वापाच डॉलर. घरी बायको, तीन मुली आणि महिन्याभराचा मुलगा.

या शेतकऱ्याचं नाव चार्ल्स इंगल्स. तुमच्यापैकी काहींनी ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ वाचलं असेल किंवा त्यावरची जुनी टीव्ही मालिका पाहिली असेल. त्यातले हसतमुख, व्हायोलिन वाजवणारे, कधीच न हरणारे ‘पा’ ते हेच. पण ही शपथ त्या पुस्तकांत नाही. पुस्तकं लिहिली त्यांच्या मुलीनं, लॉरानं. आणि तिनं जे गाळलं ते जनगणनेत, जमिनीच्या दप्तरात आणि तिच्या स्वतःच्या, बरीच वर्षं न छापलेल्या हकीकतीत सापडतं. आज आपण ते दुसरं कुटुंब बघणार आहोत.

सुरुवात लग्नापासून. चार्ल्सचा जन्म १८३६ चा, न्यू यॉर्क राज्यातला. कॅरोलाइन क्वायनर १८३९ ची, विस्कॉन्सिनमधली. कॅरोलाइन जेमतेम पाच वर्षांची होती तेव्हा तिचे वडील मिशिगन सरोवरात जहाज बुडून गेले. त्या घरानं उपासमार जवळून पाहिली. सोळाव्या वर्षी ती शाळामास्तरीण झाली आणि १ फेब्रुवारी १८६० ला तिचं चार्ल्सशी लग्न झालं. आता गंमत बघा. चार्ल्सच्या भावानं कॅरोलाइनच्या बहिणीशी लग्न केलं आणि चार्ल्सच्या बहिणीनं कॅरोलाइनच्या भावाशी. दोन घरांत तीन लग्नं! आपल्याकडे याला साटंलोटं म्हणतात. तिकडे कुणी ठरवून केलं नव्हतं, पण शेजारी होतेच किती? जंगल तोडून शेती करायची तर माणसं लागतात, आणि भरवशाचा माणूस म्हणजे मेहुणा.

मेरी १८६५ ची, लॉरा १८६७ ची. दोघी विस्कॉन्सिनमधल्या पेपिनजवळच्या जंगलातल्या. जरा स्थिरस्थावर होतंय म्हणेपर्यंत चार्ल्सनं ती जागा विकली आणि १८६९ मध्ये बैलगाडीसारख्या छप्पर असलेल्या घोडागाडीतून कुटुंब कॅन्ससला नेलं.

इथे जरा थांबू या, कारण सगळ्यात प्रसिद्ध पुस्तक याच मुक्कामाचं आहे.

१८६२ च्या होमस्टेड कायद्यानं सरकार १६० एकर जमीन जवळजवळ फुकट देत होतं. थोडी फी भरा, पाच वर्षं तिथे राहा, कसा, जमीन तुमची. ऐकायला ‘कसेल त्याची जमीन’ वाटतं ना? पण आपल्या कूळकायद्यात जमीन जमीनदाराकडून कुळाकडे जात होती. तिकडची जमीन आदिवासी जमातींकडून काढून घेतलेली होती. आणि चार्ल्स कॅन्ससमध्ये जिथे थांबला ती तर होमस्टेडसाठी खुलीही नव्हती. ती ओसेज लोकांची राखीव भूमी होती. म्हणजे सरळ सांगायचं तर हे अतिक्रमण होतं. एकटा चार्ल्स नव्हता, हजारो गोरे घुसले होते. ओसेज लोक रानरेड्यांच्या शिकारीला गेले की मागे त्यांची जागा बळकवायची, हा उद्योग उघड चालला होता. त्यांच्यासाठी नेमलेला सरकारी एजंट आयझॅक गिब्सन वरिष्ठांना हे कळवत होता, उपयोग शून्य. १८७० मध्ये ओसेजांनी जमीन विकून आजच्या ओक्लाहोमात जायला संमती दिली. संमती म्हणायची, एवढंच.

१८७० च्या जनगणनेत हे कुटुंब सापडतं. चार्ल्सचा धंदा सुतार असा लावलाय. आणि शेजारच्या घरात नोंद आहे डॉक्टर जॉर्ज टॅन यांची. हे कृष्णवर्णीय डॉक्टर. यादवी युद्ध संपून पाचच वर्षं झालेली होती, हे लक्षात घ्या. इंगल्स कुटुंब हिवतापानं अंथरुणाला खिळलं तेव्हा यांनीच औषध देऊन वाचवलं. हा माणूस पुस्तकात आहे, याचं श्रेय लॉराला द्यायला हवं. बाकी त्या पुस्तकात बरंच सरकलंय. पुस्तकातली मुलगी शाळकरी वयाची वाटते, खरी लॉरा तिथे आली तेव्हा दोन वर्षांची होती आणि निघाली तेव्हा चारची. तिला आठवणार काय? आईवडिलांनी सांगितलेलं. पुस्तकात घर इंडिपेन्डन्स गावापासून चाळीस मैलांवर आहे, प्रत्यक्षात तेरा-एक मैलांवर. पुढे अभ्यासकांनी जनगणना आणि जमिनीच्या नोंदी ताडून ती जागा शोधली.

आणि ते तिथून निघाले का? पुस्तक म्हणतं, सरकार हाकलणार म्हणून. कागद वेगळं बोलतात. ओसेजांची जमीन तर सव्वा डॉलर एकरानं गोऱ्यांना मिळणारच होती. पण विस्कॉन्सिनची जागा ज्याला विकली होती त्याला हप्ते झेपेनात, जागा परत चार्ल्सच्या गळ्यात आली. १८७१ मध्ये ते माघारी गेले. तोवर तिसरी मुलगी कॅरी जन्मली होती.

तीन वर्षांनी पुन्हा बिऱ्हाड हललं. या वेळी मिनेसोटातलं वॉलनट ग्रोव्ह. प्लम क्रीक नावाच्या ओढ्याच्या दरडीत खोदलेलं घर, वर गवताचं छप्पर. पहिल्या सुगीच्या आशेवर चार्ल्सनं उधारीनं लाकूड आणून चांगलं घर बांधलं. गहू उभा होता.

मग टोळधाड आली.

रॉकी पर्वतातली टोळ ही जात आता पृथ्वीवर नाही, पण १८७३ ते १८७७ ही पाच वर्षं तिनं मिनेसोटा पिंजून काढलं. १८७५ ची एक झुंड तर इतकी मोठी होती की तिच्या विस्ताराचा तेव्हाचा अंदाज १,९८,००० चौरस मैलांचा आहे. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ सव्वा लाख चौरस मैलांच्या आत आहे, यावरून कल्पना करा. गहू गेला, भाजीपाला गेला, गुरांचं गवत गेलं. वाईट म्हणजे टोळ अंडी घालून जायचे, त्यामुळे पुढचं वर्षही बुडालेलंच. चार्ल्स शेकडो मैल पायी पूर्वेकडे गेला, दुसऱ्यांच्या शेतात कापणीला. शेतमालक असून मजुरी. सरकारचा उपाय? २६ एप्रिल १८७७ हा दिवस राज्यपालांनी राज्यभर प्रार्थनेचा दिवस म्हणून जाहीर केला. आणि मदत हवी असेल त्यानं ती शपथ घ्यायची, जिच्यापासून आपण सुरुवात केली.

त्या शपथेच्या वेळी महिन्याचा असलेला मुलगा फ्रेडी. या जोडप्याला झालेला एकुलता एक मुलगा. १८७६ मध्ये शेत विकून ते आयोवाकडे निघाले, वाटेत नातेवाइकांकडे थांबले आणि तिथे २७ ऑगस्टला तो गेला. नऊ महिन्यांचा होता. लॉराच्या मुलांसाठीच्या पुस्तकांत फ्रेडी नाहीच. एक ओळसुद्धा नाही.

आयोवातलं बर ओक हे गावही पुस्तकांत नाही. तिथे हे कुटुंब एका हॉटेलात राबलं. मुली वाढपी, भांडी. गावातल्या डॉक्टरांच्या बायकोनं कॅरोलाइनला विचारलं की लॉरा आम्हाला दत्तक द्या, घरात हाताशी होईल. कॅरोलाइननं नम्रपणे नाही म्हटलं. दहा वर्षांच्या मुलीनं हे कोपऱ्यात उभं राहून ऐकलं असेल तर तिला काय वाटलं असेल हे मी तुम्हाला सांगायला नको. धाकटी ग्रेस इथेच जन्मली. घरभाडं थकलं, आणि एका रात्री अंधारात सामान भरून कुटुंब गाव सोडून गेलं. आपण बातम्यांमध्ये कर्जबाजारी शेतकरी वाचतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर एक चेहरा असतो. ‘पा’चा चेहरा त्यात बसवून बघा.

पुन्हा वॉलनट ग्रोव्ह. १८७९ मध्ये चौदा वर्षांच्या मेरीची दृष्टी गेली. पुस्तकात कारण लाल ताप दिलंय. २०१३ मध्ये डॉक्टरांच्या एका गटानं जुनी पत्रं आणि वर्तमानपत्रं तपासून मत दिलं की हा मेंदूला आलेल्या विषाणूजन्य सुजेचा प्रकार असावा.

त्याच वर्षी रेल्वेच्या कामावर चार्ल्सला नोकरी मिळाली आणि सगळे डकोटात गेले. डे स्मेट हे गाव त्यांच्या डोळ्यांसमोर वसलं. १८८० मध्ये चार्ल्सनं तिथे होमस्टेडचा अर्ज केला आणि १८८६ मध्ये जमीन कायद्यानं त्याच्या नावावर झाली. मधला १८८०-८१ चा हिवाळा असा की बर्फानं रेल्वे महिनोन् महिने बंद. लोकांनी कॉफीच्या गिरणीत गहू दळला आणि गवताच्या पेंढ्या पिळून जाळल्या. बरं, एवढ्या धडपडीनं मिळवलेली जमीन चार्ल्सनं किती वर्षं ठेवली? सहा. १८९२ मध्ये विकली. शेवटची वर्षं तो गावातल्या घरात राहून सुतारकाम करत होता. १९०२ मध्ये गेला. पुस्तकांतला आदर्श शेतकरी शेतकरी म्हणून टिकला नाही. त्या कोरड्या मैदानात फार थोडे टिकले.

मेरीचं काय? ती आयोवातल्या अंधशाळेत शिकली, १८८९ मध्ये शिक्षण पूर्ण केलं. कुटुंबानं पै-पै जमवली हे खरं, लॉरानं शिवणकाम केलं, शाळेत शिकवलं. पण तिची फी डकोटा टेरिटरीच्या सरकारनं भरली होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

लॉरानं १८८५ मध्ये अल्मान्झो वाइल्डर या शेतकऱ्याशी लग्न केलं. पहिली चार वर्षं म्हणजे घटसर्प, नवऱ्याचा अधू झालेला पाय, गारपीट, दुष्काळ, तान्हेपणीच गेलेला मुलगा आणि जळालेलं घर. उरली एक मुलगी, रोझ. १८९४ मध्ये तिघं मिझुरीतल्या मॅन्सफिल्डला गेले आणि तिथे मात्र पाय रोवला.

रोझ मोठी होऊन नावाजलेली पत्रकार झाली. १९२९ च्या शेअर बाजाराच्या पडझडीत तिचे पैसे गेले, आईवडिलांचेही. तोवर कॅरोलाइन आणि मेरी दोघी वारल्या होत्या. १९३० मध्ये त्रेसष्ट वर्षांच्या लॉरानं पेन्सिलीनं वह्यांत आपली हकीकत लिहून काढली. त्यात फ्रेडी आहे, बर ओक आहे, ती रात्र आहे. प्रकाशकांनी ती नाकारली. मग रोझच्या मदतीनं तीच सामग्री मुलांसाठी घडवली. १९३२ ते १९४३ आठ पुस्तकं. रोझनं त्यात किती हात फिरवला यावर अभ्यासक आजही भांडतात. मूळ हकीकत छापली गेली ती २०१४ मध्ये.

रोझला सरकारी मदतीचा तिटकारा होता. रूझवेल्टच्या योजनांविरुद्ध ती आयुष्यभर लिहीत राहिली, आणि आपल्या आजोबांसारखी माणसं कुणाच्या मदतीशिवाय उभी राहिली असं तिला मनापासून वाटायचं. आता हिशोब मांडा. सरकारनं मोकळी केलेली जमीन. सरकारी पीठ. सरकारी फीवर शिकलेली मावशी. आणि आई लॉरा? तिनं दहाएक वर्षं मॅन्सफिल्डच्या शेतकरी कर्ज संस्थेची सचिव म्हणून काम केलं, म्हणजे सरकारी योजनेतली स्वस्त कर्जं शेजाऱ्यांना मिळवून दिली! मला रोझ खोटारडी वाटत नाही. घरात जी गोष्ट शंभरदा सांगितली जाते ती आपणही खरी मानतो. पिठाची शपथ जेवताना कोण सांगतं?

ओसेजांबद्दलही तेच. १९३५ च्या पुस्तकात एक वाक्य होतं ज्याचा अर्थ, तिथे माणसं नव्हती, फक्त इंडियन होते. एका वाचकानं आक्षेप घेतल्यावर लॉरानं चूक मान्य केली आणि १९५३ च्या आवृत्तीत शब्द बदलला. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेनं तिच्या नावाचा बालसाहित्य पुरस्कार दुसऱ्या नावानं द्यायला सुरुवात केली.

आता शीर्षकातला प्रश्न. मेरीनं लग्न केलं नाही. कॅरीला सावत्र मुलं होती, स्वतःचं मूल नाही. तिचा सावत्र मुलगा माउंट रशमोरच्या कोरीवकामावर होता. ग्रेसला मूलबाळ नाही. लॉराची एकटी रोझ, आणि रोझचं बाळ जगलं नाही. १९६८ मध्ये रोझ गेली आणि चार्ल्स-कॅरोलाइनचा वंश संपला. भावंडांकडून पसरलेले नातेवाईक आहेत, थेट वारस कुणी नाही.

पण वारसा हक्क तर होता, आणि तो पुस्तकांमुळे फार मोठा झाला होता. रोझनं आपलं सगळं रॉजर मॅकब्राइड या वकिलाला दिलं. तो तिला आजी मानायचा. टीव्ही मालिका त्याच्याच काळातली, १९७४ ची. १९७६ मध्ये तो लिबर्टेरियन पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदाला उभाही राहिला. लॉराच्या मृत्युपत्रात मात्र लिहिलं होतं की रोझच्या पश्चात हक्क मॅन्सफिल्डच्या ग्रंथालयाला जावेत. मॅकब्राइड १९९५ मध्ये वारल्यावर ग्रंथालय कोर्टात गेलं आणि २००१ मध्ये ८,७५,००० डॉलरवर तडजोड झाली.

चार्ल्सचं व्हायोलिन मॅन्सफिल्डच्या संग्रहालयात आहे. अधूनमधून कुणी वादक ते काचेतून काढून वाजवतो. त्याच्या रेकॉर्डिंग ऑनलाइन मिळतात, ऐकून बघा.