मस्तिष्काघाताची विकृतिमीमांसा : इतिहास

मस्तिष्काघात मेंदूच्या पोकळ्यांत दाट कफ साचल्याने होतो, असे गेलेन यांच्या परंपरेत शतकानुशतके मानले जाई. शाफहाउझेन (स्वित्झर्लंड) येथील नगरवैद्य योहान याकोप व्हेप्फर (१६२०–९५) यांनी शवविच्छेदन करून मेंदूत सांडलेले रक्त दाखविले व १६५८ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. मेंदूकडे जाणाऱ्या रोहिण्या बंद झाल्यानेही आघात होऊ शकेल, हा त्यांचा तर्क अधिक मोलाचा होय. रक्ताची गुठळी वाहत जाऊन दूरच्या रोहिणीत अडकते, हे रूडोल्फ फिरखो यांनी सुमारे दोनशे वर्षांनी सिद्ध केले. तथापि रक्तस्राव की अवरोध, हे बहुधा मृत्यूनंतरच निश्चित कळे. १९७१ मध्ये संगणकीय छेदचित्रण रुग्णांसाठी प्रथम वापरले गेले आणि जिवंतपणीच हा भेद दिसू लागला. गुठळी विरघळविणारे औषध रक्तस्रावात घातक ठरत असल्याने ते देण्यापूर्वी मेंदूचे असे चित्रण अनिवार्य असते.