कुंटलातला शेकडा

मानवतच्या कापूस बाजारात भुईकाट्यावरून गाडी उतरली की पहिला प्रश्न ठरलेला: "किती कुंटल भरला?" कागदावर 'क्विंटल' लिहिलेलं असतं, तोंडी मात्र कुंटल. मला हा बोलीतला उच्चार फार आवडतो, कारण या शब्दानं वाटेत प्रत्येक मुक्कामी असंच रूप पालटलेलं आहे.

मूळ लॅटिन. 'केंतुम' म्हणजे शंभर, त्यावरून 'केंतेनारियुस', शंभराचं. ग्रीकांनी त्याचं 'केंतेनारिऑन' केलं. पुढे अरबीत तो 'किंतार' झाला. कुराणातही हा शब्द आहे, मोठ्या धनराशीच्या अर्थानं. अरब व्यापाऱ्यांच्या तागडीतून तो मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'क्विंताले' होऊन परतला आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत शिरला.

आपल्याकडे तेव्हा मण आणि खंडी होती: चाळीस शेरांचा मण, वीस मणांची खंडी. 1956च्या वजनमाप कायद्यानं दशमान पद्धत आणली आणि शंभर किलोंचा क्विंटल बाजारात रुळला. मापं बदलली तरी बोलण्यातली खंडी हटली नाही. 'खंडीभर कामं' आपण आजही म्हणतो.

पण मला खरा आनंद होतो तो पुढच्या गोष्टीचा. लॅटिन 'केंतुम' आणि संस्कृत 'शतम्' ही एकाच आदिम शब्दाची लेकरं. त्या 'शता'तूनच आपले 'शंभर', 'दोनशे', 'शेकडा' आले. काट्याशेजारी उभा शेतकरी "पाच कुंटल, म्हणजे पाचशे किलो" असा हिशोब बोटांवर करतो, तेव्हा त्या एका वाक्यात दोन चुलतभावंडं शेजारी येऊन बसलेली असतात.