पलीकडचा काठ हाक मारून येत नाही

वर्षावासात काल्हेरच्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. वाचन संपल्यावर एका तरुणाने आम्हाला आपली वही दाखवली. गोदामात पॅकिंगचे काम करणारा हा मुलगा, ठेकेदाराने दोन महिन्यांपूर्वी त्याला कामावरून कमी केले. वहीत सकाळी तीनदा, दुपारी सहादा आणि रात्री नऊदा एकच वाक्य लिहिलेले होते : मला कायमची नोकरी मिळाली आहे. घरी आजी म्हणते, नशिबात असेल ते होईल. तो म्हणाला, "काका, मी नशीब मानत नाही. मी मॅनिफेस्ट करतो. धम्मपदाच्या पहिल्याच गाथेत मन सगळ्यांच्या पुढे आहे, असं बुद्धांनीच सांगितलंय ना?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आजची आमची अनेक शिकलेली मुले हेच विचारत आहेत. म्हणून त्याचे उत्तर आम्ही इतिहासातून देतो.

नियतीवाद बुद्धाच्या काळातही होता. मक्खली गोसाल सांगत असे की, सुताचा गुंडा फेकला की तो सूत संपेपर्यंत उलगडत जातो, तसा प्रत्येक जीव ठरलेले भोगूनच सुटतो. प्रयत्नाने काही होत नाही. तथागतांनी हे मत अत्यंत घातक ठरवले. सगळे सुखदुःख पूर्वकर्मानेच येते म्हणणाऱ्यांनाही त्यांनी सवाल केला : मग खून करणारा माणूसही पूर्वकर्मानेच खुनी झाला का? तसे असेल तर हे करावे आणि हे करू नये, याला अर्थच काय उरला?

पण बुद्धांनी दुसरे दारही बंद केले. अनाथपिंडिकाला त्यांनी सांगितले की दीर्घायुष्य, रूप, सुख, यश आणि स्वर्ग या गोष्टी सगळ्यांना हव्या असतात. नुसत्या इच्छेने किंवा प्रार्थनेने त्या मिळत असत्या, तर जगात कोणाला कशाची उणीव राहिली असती? तेविज्ज सुत्तात अचिरवती नदीचा दृष्टान्त आहे. नदी दुथडी भरलेली आहे, पलीकडे जायचे आहे आणि माणूस अलीकडे उभा राहून पलीकडच्या काठाला हाका मारतो आहे. तो काठ चालत येईल काय?

काल्हेरच्या माणसाला हे समजायला पोथी लागत नाही. खाडीच्या या बाजूला आपण, त्या बाजूला ठाणे. कशेळीचा पूल मजुरांनी बांधला म्हणून आपण पलीकडे जातो.

हीच खाडी पुढे घोडबंदरवरून वसईला समुद्राला मिळते. तिथून जवळच सोपारा, प्राचीन बंदर. इथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला आणि १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. नवव्या लेखात अशोक म्हणतो की आजारपण, लग्न, बाळंतपण, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना मंगलविधी करतात, पण त्यांचे फळ थोडे. खरे मंगल म्हणजे दास आणि नोकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा आदर, प्राण्यांविषयी संयम. म्हणजे अडीच हजार वर्षांपासून आपल्या परंपरेचा प्रश्न एकच आहे : राबणाऱ्या माणसाशी कसे वागता?

हा प्रश्न पुढे दाबला गेला, तो कर्मविपाकाने. तू अस्पृश्य का? मागच्या जन्मीचे पाप. महात्मा फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' नाटकात दाखवले की गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालून जोशी त्या घराला कर्जात कसा बुडवतो. त्या जोडप्याची सुटका ग्रहशांतीने होत नाही. ते रात्रीच्या शाळेची वाट धरतात. पूर्वकर्माच्या सिद्धान्तामुळे गोरगरिबांच्या दैन्याची जबाबदारी समाज आणि राज्य यांच्यावरून उतरते, हे बाबासाहेबांनी नेमके ओळखले.

बाबासाहेबांनी नशीब नाकारले, पण त्या जागी नुसती इच्छा बसवली नाही. सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे कागदावर खुले केले. तरी पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसे चालत तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, नगरपालिकेने ठराव मागे घेतला, दावा चालला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. पुढे मजूरमंत्री असताना कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणण्याचा कायदा बाबासाहेबांनी पुढे नेला. तो १९४६ साली झाला. हे कोणी वहीत अठरा वेळा लिहून झालेले नाही.

आता हे मॅनिफेस्टेशन आले कुठून? एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतील 'न्यू थॉट' या पंथातून. नेपोलियन हिल यांचे श्रीमंतीचे पुस्तक १९३७ चे, रोंडा बर्न यांचे 'द सिक्रेट' २००६ चे. आज ते रील्समधून येते. ते स्वतःला नशिबाच्या विरोधातले म्हणवते, पण नीट पाहा. नशीब म्हणते, दोष तुझ्या मागच्या जन्मात आहे. मॅनिफेस्टेशन म्हणते, दोष तुझ्या निगेटिव्ह विचारात आहे. दोन्हीकडे आरोपी तूच, आणि ठेकेदाराचे नाव दोन्हीकडे नाही!

आशा धरू नका, असे आम्ही म्हणत नाही. मन खचलेला माणूस लढत नाही, हे खरेच. धम्मपदाची पहिली गाथाही मनाला पुढे ठेवते, पण तिथे थांबत नाही. तशा मनाने माणूस काय बोलतो आणि काय करतो, तिथपर्यंत ती जाते. मन पुढे आहे, कारण त्याच्या मागून वाणी आणि कृती यायची असते. मागून काहीच आले नाही, तर ती काठावरची हाक.

त्या तरुणाला आम्ही एवढेच सांगितले : वही टाकू नकोस, पान उलट. कामाला लागल्याची तारीख लिही. हजेरीचे दिवस, ओव्हरटाइमचे तास, हातात आलेला पगार, पीएफ कापला की नाही, ते लिही. तुझ्याबरोबर आणखी कितीजणांना काढले, त्यांची नावे लिही. मग सगळे मिळून कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाऊ. निकाल काय लागेल, याची हमी आम्ही देत नाही. महाडलाही ती कोणी दिली नव्हती.

पुढच्या रविवारी तो आला, तेव्हा वहीत नऊ नावे होती.

जय भीम!